बिल सेव्ह होत नाही, एरर १२०५ येऊन राहिला

प्रश्न: नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याच्या अडतीवर बिलिंग आहे, डेटाबेस मायएसक्यूएल ८. आंबिया बहाराची आवक चढली की बिल अडकतं, गोल फिरत राहतं अन् ‘लॉक वेट टाइमआउट’. रीस्टार्ट केलं की चालतं. रॅम वाढवू का?

उत्तर: रॅमवर पैसे नका घालू भाऊ. एका ट्रान्झॅक्शननं (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट) टेबलातली ओळ धरून ठेवली, म्हणजे लॉक केली, दुसरं मागं ताटकळतंय. इनोडीबी (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) डीफॉल्टनं ५० सेकंद थांबते, मग एरर. रीस्टार्टनं पुरावाच जातो. अडकलं असतानाच इन्फर्मेशन स्कीमातलं इनोडीबी_टीआरएक्स, म्हणजे चालू ट्रान्झॅक्शनांची यादी, पाहा. सुरुवातीची वेळ सर्वांत जुनी, तोच बहुधा चोर. त्याचा थ्रेड आयडी (कनेक्शनचा नंबर) घेऊन किल मारा, म्हणजे ते कनेक्शन तोडा.

प्रश्नकर्ता: सापडला! काट्याजवळचा कॉम्प्युटर. कनेक्शन ‘स्लीप’ (रिकामं बसलेलं) दाखवतंय, बिल अर्धवट उघडं, अन् पोरगा तर्री-पोहे खायला गेलेला.

उत्तर: पोराला रागावू नका, खाऊ द्या. फॉर्म उघडताच ट्रान्झॅक्शन सुरू करणारा प्रोग्रॅम म्हणजे कहरच. ते सेव्ह दाबल्यावरच सुरू व्हावं. अन् १२०५ नंतर फक्त शेवटचं स्टेटमेंट मागे फिरतं, अख्खं ट्रान्झॅक्शन नाही. रोलबॅक (सगळं मागे फिरवायचा आदेश) प्रोग्रॅमनंच द्यायचा.

दुसरं उत्तर: अपडेटच्या अटीतल्या कॉलमवर इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) आहे का तेही पाहा. नसला तर स्कॅन झालेल्या सगळ्याच ओळी लॉक होतात.