पेन्सिल्वेनियाला तीन दिवस मिळाले, विस्कॉन्सिनला सहा का नाकारले? (टपाली मतं, २०२०)

अर्धविराम:
अमेरिकेच्या २०२० च्या निवडणुकीतले टपाली मतदानाचे खटले वाचतोय आणि एका जागी गाडी अडली आहे. दोन्ही राज्यांचा मूळ नियम सारखाच होता: मतपत्रिका ३ नोव्हेंबरला रात्री ८ पर्यंत कार्यालयात पोचलीच पाहिजे. कोविडमुळे टपाल तुंबलं, म्हणून दोन्हीकडे न्यायालयांनी मुदत वाढवली. पेन्सिल्वेनियात ६ नोव्हेंबर, विस्कॉन्सिनमध्ये ९ नोव्हेंबर. सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑक्टोबरला पेन्सिल्वेनियाच्या मुदतवाढीला हात लावला नाही आणि २६ ऑक्टोबरला विस्कॉन्सिनची मागणी फेटाळली. मधल्या सात दिवसांत काय बदललं? न्यायमूर्तींचे पक्ष मोजून विषय सोडून द्यायचा, की यामागे काही कायदेशीर सूत्र आहे?
आणि पेन्सिल्वेनियात उशिरा आलेली मतं शेवटी मोजली की नाही?

कलमदान:
सूत्र आहे, फक्त ते एकाच माणसाच्या मतावर उभं होतं.

मुदत किती दिवसांनी वाढवली यापेक्षा ती कोणी वाढवली ते बघा. पेन्सिल्वेनियात १७ सप्टेंबरला राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या स्वतःच्या घटनेतल्या 'मुक्त आणि समान निवडणुका' या कलमाचा आधार घेऊन वाढवली. विस्कॉन्सिनमध्ये २१ सप्टेंबरला फेडरल (म्हणजे केंद्रीय) जिल्हा न्यायाधीश विल्यम कॉन्ली यांनी वाढवली. ८ ऑक्टोबरला सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयापुढे मागणी होती ती ही स्थगिती उठवण्याची. ती ५-३ ने फेटाळली गेली.

मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी एका छोट्या टिपणात फरक सांगितला आहे. राज्याचं न्यायालय स्वतःच्या राज्यघटनेचा अर्थ लावत असेल तर तो वेगळा प्रश्न. फेडरल न्यायालय राज्याच्या कायद्यात ऐन वेळी ढवळाढवळ करत असेल तर तो वेगळा. उरलेले सात जण दोन्ही वेळी आपापल्या जागी होते, रॉबर्ट्सच तेवढे इकडून तिकडे गेले.

१९ ऑक्टोबरचा निकाल मात्र 'मान्यता' समजू नका. तो ४-४ होता. न्यायमूर्ती गिन्सबर्ग १८ सप्टेंबरला वारल्या होत्या आणि त्यांच्या जागी बॅरेट यांची नेमणूक अजून व्हायची होती. बरोबरी झाली की खालचा निकाल तसाच राहतो. कारणं दिलेली नाहीत, त्यामुळे पूर्वदाखला म्हणून त्याची किंमत शून्य.

ऐन वेळी फेडरल न्यायालयांनी नियम बदलू नयेत हे तत्त्व २००६ च्या पर्सेल विरुद्ध गोन्झालेझ या ॲरिझोनाच्या खटल्यातलं. २०२० चे बरेच निकाल त्याच्या जोरावर लागले. दक्षिण कॅरोलिनात खालच्या न्यायालयाने टपाली पाकिटावरची साक्षीदाराच्या सहीची अट काढली होती, ती ५ ऑक्टोबरला परत आली. त्यात सोय एवढीच ठेवली की सहीशिवाय आधीच आलेली आणि पुढच्या दोन दिवसांत पोचणारी पाकिटं त्या कारणावरून बाद करायची नाहीत.

आता उलटं उदाहरण. ऱ्होड आयलंडमध्येही साक्षीदारांचीच अट होती (दोन साक्षीदार किंवा नोटरी) आणि ती उठवणाऱ्या तडजोडीवरचा आदेशही फेडरल न्यायालयाचाच. तरी १३ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही, कारण राज्याचे निवडणूक अधिकारी स्वतःच त्या तडजोडीला राजी होते. म्हणजे दुसरा प्रश्न हा विचारायचा: राज्याचा कोणी अधिकारी जुना नियम वाचवायला उभा आहे का? उत्तर कॅरोलिनात निवडणूक मंडळाने राज्याच्या न्यायालयात तडजोड करून मुदत ६ वरून १२ नोव्हेंबरवर नेली. तीही २८ ऑक्टोबरला टिकली, आणि तिथे कायदेमंडळाचे नेते विरोधात असूनही टिकली.

न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांचं विस्कॉन्सिनवरचं मत वाचणार असाल तर दुरुस्त प्रत घ्या. व्हरमाँटने नियम बदलले नाहीत असं त्यांनी आधी लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्या राज्याने सगळ्या सक्रिय मतदारांना घरपोच मतपत्रिका पाठवल्या होत्या. व्हरमाँटने हरकत घेतल्यावर वाक्य बदलावं लागलं.

टपालहशील:
वरच्या प्रतिसादात विस्कॉन्सिनची एप्रिलची फेरी राहिली आणि नोव्हेंबरचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

७ एप्रिलला प्राथमिक निवडणूक होती. कॉन्ली यांनी २ एप्रिलला मतपत्रिका स्वीकारायची मुदत १३ एप्रिल दुपारी ४ पर्यंत वाढवली, पण पाकिटावर ७ तारखेपर्यंतचा टपालाचा शिक्का हवा अशी अट घातली नाही. ६ एप्रिलला गव्हर्नर एव्हर्स यांनी मतदान जूनवर ढकलायचा आदेश काढला, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी रद्द केला. त्याच संध्याकाळी वॉशिंग्टनहून, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा, ५-४ ने निकाल आला: १३ तारखेपर्यंत स्वीकारा, पण टपालाचा शिक्का ७ एप्रिलचा किंवा आधीचा हवा. ज्यांना मतपत्रिकाच मिळाली नव्हती त्यांना मास्क लावून रांगेत उभं राहण्यावाचून मार्ग उरला नाही. मिलवॉकीत नेहमीच्या सुमारे १८० केंद्रांऐवजी ५ उघडली होती.

शिक्क्याची अट कागदावर सोपी वाटते, पण प्रत्येक पाकिटावर शिक्का उमटतोच असं नाही. काही पाकिटं यंत्रातून शिक्क्याविना सुटतात, काहींवर नुसता महिना वाचता येतो. मग ठरवायचं कोणी? एप्रिलमध्ये तो निर्णय क्लार्कच्या, म्हणजे स्थानिक निवडणूक अधिकाऱ्याच्या, गळ्यात पडला. पेन्सिल्वेनियाच्या न्यायालयाने ही फट आधीच बुजवली: ६ नोव्हेंबर संध्याकाळी ५ पर्यंत पोचलेल्या पाकिटावर शिक्का नसेल किंवा वाचता येत नसेल तर ते वेळेत टाकलं असं गृहीत धरा, उलट पुरावा असेल तरच बाद करा. विरोधकांचा आक्षेपही नेमका यावर होता. मतदान संपल्यावर टाकलेलं पाकीटही यातून आत येऊ शकतं, असं त्यांचं म्हणणं.

पेन्सिल्वेनियातल्या मुदतवाढीचं मूळ कारण निव्वळ वेळापत्रकाचं. मतपत्रिकेसाठी अर्ज करायची शेवटची तारीख मतदानाच्या आधी फक्त सात दिवस. टपाल खातं मतदाराला सांगत होतं की भरलेली मतपत्रिका मुदतीच्या किमान आठवडाभर आधी टाका. शेवटच्या दिवशी अर्ज करणाऱ्याचं पाकीट जाऊन-येऊन वेळेत पोचणं जवळपास अशक्य. टपाल खात्याने जुलैअखेरीस राज्याला तसं पत्रच लिहिलं होतं.

तुमचा दुसरा प्रश्न: ती मतं मोजली, पण अध्यक्षपदाच्या अधिकृत बेरजेत धरली नाहीत. २८ ऑक्टोबरला राज्याने ही पाकिटं वेगळी ठेवायच्या सूचना दिल्या, ६ नोव्हेंबरला न्यायमूर्ती अलिटो यांनी तसाच आदेश काढला. अशी मतं १०,००० च्या आसपास होती आणि बायडन यांची आघाडी ८०,००० हून जास्त, त्यामुळे निकालावर परिणाम शून्य. २२ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. थॉमस, अलिटो आणि गॉर्सच यांनी विरोधी मत नोंदवलं.

अर्धविराम:
दोघांचे आभार. मग निकालानंतरचे खटले इतक्या पटापट का पडले? पुरावा नव्हता एवढंच कारण, की आणखी काही?

कलमदान:
बऱ्याच ठिकाणी पुराव्यापर्यंत गाडी गेलीच नाही. 'लॅचेस' हे तत्त्व आडवं आलं: हक्क माहीत असून हात बांधून बसलात आणि त्याने दुसऱ्याचं नुकसान होणार असेल, तर न्यायालय दार उघडत नाही.

पेन्सिल्वेनियात कोणालाही कारण न देता टपाली मत देता येईल असा कायदा (ॲक्ट ७७) ऑक्टोबर २०१९ चा. त्याच्या घटनात्मकतेला आव्हान देणारी याचिका आली २१ नोव्हेंबर २०२० ला, लाखो लोकांनी त्याखाली मत दिल्यावर. २८ नोव्हेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली.

विस्कॉन्सिनमध्ये डेन आणि मिलवॉकी या दोनच काउंट्यांमधली २,२०,००० हून जास्त मतं बाद करा अशी ट्रम्प यांची मागणी होती. साक्षीदाराचा अर्धवट पत्ता क्लार्कने पुरा करायचा, ही पद्धत २०१६ पासूनची. तिच्यावर हरकत घेतली ती हरल्यावर. १४ डिसेंबरला ४-३ ने निकाल गेला: एक मुद्दा गुणवत्तेवर फेटाळला, बाकीचे तीन उशिरामुळे. तीन न्यायमूर्ती विरोधात होते, तेव्हा हे प्रकरण बाष्कळ होतं असं म्हणता येणार नाही. माझ्या मते हरकतींपैकी एखादी ऑगस्टमध्ये आली असती तर ऐकली गेली असती.

पुराव्याचंच बघायचं असेल तर तिसऱ्या सर्किटचा (पेन्सिल्वेनियावरचं फेडरल अपील न्यायालय) २७ नोव्हेंबरचा निकाल वाचा. तो लिहिणारे न्यायाधीश बिबास ट्रम्प यांनीच नेमलेले.

टपालहशील:
एक भर. पेन्सिल्वेनियाच्या १७ सप्टेंबरच्या निकालात मतदारांना फक्त सवलतीच मिळाल्या असं नाही. आतलं गोपनीयतेचं पाकीट न वापरता पाठवलेली मतपत्रिका बाद, हेही त्यातच ठरलं. उलट २३ ऑक्टोबरला त्याच न्यायालयाने सांगितलं की सही जुळत नाही एवढ्यावरून पाकीट बाद करता येणार नाही. बाहेरच्या पाकिटावर तारीख घालायला विसरलेल्यांचा वाद २३ नोव्हेंबरला त्या निवडणुकीपुरता मिटला, नंतर वर्षानुवर्षं चालू राहिला. म्हणून 'पेन्सिल्वेनियाने नियम सैल केले' असं सरसकट लिहू नका, दोषागणिक उत्तर वेगळं आहे.

पाणवठा:
आपल्याकडे हा प्रकार का घडला नाही ते थोडक्यात. घटनेचं कलम ३२९(ख) न्यायालयाला निवडणूक चालू असताना बाहेर ठेवतं. जे काय भांडायचं ते निकालानंतर, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८१ खाली ४५ दिवसांत निवडणूक याचिका करून. बिहारची निवडणूक पुढे ढकला ही याचिका २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, कारण अधिसूचनाच निघाली नव्हती, म्हणजे याचिका वेळेआधीची होती. टपाली मताची वयोमर्यादा ८० वरून ६५ वर आणायचा बदलही निवडणूक आयोगाने त्याच वर्षी जुलैत बिहारसाठी स्वतःहून मागे घेतला. आपली टपाली मतपत्रिका मतमोजणी सुरू होण्याआधी पोचावी लागते. मतदान आणि मोजणीत बहुधा काही दिवसांचं अंतर असतं, त्यामुळे शिक्क्याचा वाद उभाच राहत नाही.

कलमदान:
पुढचं वाचन म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा मूर विरुद्ध हार्पर, २७ जून २०२३, ६-३. कायदेमंडळाच्या निवडणूक नियमांना राज्याचं न्यायालय राज्याच्या घटनेच्या कसोटीवर तपासू शकतं, हे तिथे पक्कं झालं. पण त्या न्यायालयाने न्यायनिवाड्याच्या नेहमीच्या मर्यादा ओलांडल्या तर फेडरल न्यायालय लक्ष घालेल, असंही म्हटलं आहे. त्या मर्यादा कुठे संपतात ते मात्र सांगितलेलं नाही, म्हणजे पेन्सिल्वेनियासारखे तीन दिवस उद्या कोणी दिले तर वाद पुन्हा तिथेच येईल.