मदत हवी आहे: जुनी डच भाषा वाचणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी. डच नौदलाच्या 'सुंबिंग' या वाफेच्या जहाजाचं १:१०० मॉडेल बनवतोय. तीन डोलकाठ्या, दोन्ही कुशींना वल्हीचक्रं. १८५५ मध्ये राजा विलेम तिसरा याने ते जपानच्या शोगुनला (तिथल्या लष्करी शासकाला) भेट दिलं आणि त्याचं 'कान्को मारू' झालं. नागासाकीत पेल्स रायकेन या डच अधिकाऱ्याच्या हाताखाली जपानी तरुण त्यावरच शिकले. १८५७ मध्ये तेच जहाज त्यांनी स्वतः एदोपर्यंत (आजचं टोकियो) नेलं! १८७६ मध्ये मोडीत.

जपानी कारकीर्द सहज सापडते, मला हवी आहे त्याआधीची डच नोकरी. सुरुवातीला मी नाव 'सोएम्बिंग' असंच वाचत होतो. डच 'ओ-ई' म्हणजे आपला 'उ', हे फार उशिरा कळलं. (जावातल्या ज्वालामुखीचं नाव आहे ते.)

डेल्फर या डच संग्रहातून वर्तमानपत्रांची तीन कात्रणं मिळालीत. छापील आहेत, पण भाषांतराचं ॲप जुन्या स्पेलिंगपुढे हात टेकतं. नेदरलँड्समधलं कोणी मराठी माणूस अर्धा तास देईल का? आणि चक्रांच्या फळ्यांसाठी पितळी पत्रा बरा की बर्च प्लाय? प्लाय दोनदा चिरला.