पंडिता रमाबाईंच्या बोर्डिंगबद्दल मुलींना काय सांगावं?

प्रश्न (वर्गशिक्षिका, सोलापूर)
येत्या ५ एप्रिलला, रमाबाईंच्या पुण्यतिथीला, आमच्या मुलींच्या वसतिगृहात मला दहा मिनिटं बोलायचंय. समोर पाचवी ते दहावीच्या मुली, निम्म्याहून जास्त ऊसतोड कामगारांच्या. जन्म, विद्वत्ता, विलायत, धर्मांतर हे सगळं पुस्तकात आहेच. मला सांगायचंय ते हे, की त्यांच्या बोर्डिंगात राहिलेल्या मुलीला काय मिळालं. कुणाच्या घरात काही आठवण असेल तर लिहा.

उत्तर १
मॅडम, सुरुवात गोदूबाईपासून करा. ११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन हे बोर्डिंग उघडलं, त्यातली ही पहिली बालविधवा विद्यार्थिनी. पुढे १८९३ साली तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. एका बोर्डिंगच्या मुलीचा हात दुसऱ्या संस्थेच्या पायाला लागला.

उत्तर २
१८९३ ची भांडणं मात्र गाळू नका. तोवर सदन पुण्याला आलं होतं. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, पण दार उघडं ठेवत आणि मुली येऊन बसत. त्यावरून पुण्यात रान उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. मी स्वतः त्या पालकांना पूर्ण चूक म्हणू शकत नाही, आणि उघड्या दारालाही नाही. दहावीच्या मुलींना हे कळतं, सांगून बघा.

उत्तर ३ (केडगावची पणती)
ताई, माझी पणजी मुक्तीची, म्हणजे रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमातली. छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे १९०० साली, गुजरातेतून आणलेल्या मुलींतली. सातआठ वर्षांची असेल. आईबापाचं नाव तिला सांगता येत नव्हतं. भाकऱ्या मोजताना मरेपर्यंत ती 'एक, बे, त्रण' असंच मोजायची. गुजरातीतलं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

केडगावला शाळेबरोबर प्रत्येकीच्या हाताला काम असायचं. माग, तेलाचा घाणा, शेती, गोठा. मनोरमाबाई, म्हणजे रमाबाईंची लेक, आंधळ्या बायकांना ब्रेल शिकवायच्या. पणजीच्या वाट्याला छापखाना आला. ती खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायची. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजव्या हाताने केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, एकेक खिळा उचलायचा, वेलांटी वेगळी, मात्रा वेगळी. आणि स्टिकमध्ये सगळी ओळ उलटी दिसते. त्यामुळे तिला उलटं वाचायची इतकी सवय झाली होती की आजोबा समोर बसून पेपर वाचत असले की ती त्यांच्या समोरून, उलट्या बाजूने, मोठ्याने बातम्या वाचायची. मी आठ वर्षांची असताना हे पाहिलंय, मला ते जादूसारखं वाटायचं.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं, खेड्यातल्या बाईलाही समजेल अशा सोप्या भाषेत. ते मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी जुळवलं. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या, १९२२ मध्ये बाई गेल्या, आणि पूर्ण बायबल छापून आलं १९२४ साली. बाईंनी ते छापलेलं पाहिलंच नाही, हे सांगताना पणजी पदर डोळ्याला लावायची. आई कशी होती तिला आठवत नव्हतं. 'बाई' म्हटलं की एकच.

ज्या मुलीला स्वतःच्या गावाचं नाव माहीत नव्हतं, तिने अख्खं पुस्तक अक्षर अक्षर जुळवलं. माझ्यासाठी रमाबाई म्हणजे हे.

प्रश्नकर्ती
ताई, वाचून गप्प बसले. आमच्याही एका मुलीला आडनाव नीट सांगता येत नाही. पणजींचा एखादा खिळा घरात आहे का? फोटो मिळेल का?

उत्तर (केडगावची पणती)
एक आहे. 'म' चा. आईच्या शिवणाच्या डब्यात, बटणांबरोबर असतो. फोटो नको, डबा घेऊन मीच येते. शाई लावून मुलींना कागदावर उठवून बघू दे. वेळ तेवढी कळवा.