उशीवरून काय दिसते? आजारी शेजाऱ्यासाठी केलेल्या बागकामाचे अनुभव

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या समोर राहणाऱ्या काकू गेल्या वर्षी फेब्रुवारीत अंथरुणाला खिळल्या. कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता आणि त्यांची खाट खिडकीशी हलवली होती. माझी बाग त्यांना दिसत असेल, या समजुतीत मी निश्चिंत होते. एकदा त्यांच्या उशाशी स्टुलावर बसून त्यांच्याच नजरेच्या उंचीवरून बाहेर पाहिले, तेव्हा बागेतले एकही फूल दिसले नाही. दिसत होता तो फक्त कंपाउंडच्या भिंतीचा वरचा हातभर भाग, मागच्या पावसाळ्यात शेवाळून काळा पडलेला, आणि त्यावर टेकवलेले गंजके पत्रे. पत्रे त्याच दिवशी काढले, भिंत घासून चुन्याचा हात दिला, आणि रोपवाटिकेतून फुलावर आलेल्याच झेंडूच्या व सदाफुलीच्या कुंड्या आणून भिंतीलगत विटांच्या थरावर इतक्या उंच ठेवल्या की फुले भिंतीच्या वर आली. एक चूक मात्र झाली. दुपारच्या उन्हात पांढरी भिंत इतकी तळपू लागली की काकूंनी पडदा ओढून घ्यायला सांगितले. दुसऱ्या हाताला चुन्यात पिवडी, म्हणजे पिवळी माती, मिसळली, तेव्हा ती भिंत डोळ्यांना सोसू लागली. चौथ्या दिवशी काकू आपणहून म्हणाल्या, “काल उजवीकडच्या कुंडीत दोन फुले होती, आज चार आहेत.”

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत ज्यांनी कोणी आजारी शेजाऱ्यासाठी असे काही केले असेल, त्यांनी ते सविस्तर लिहावे, आणि जे फसले तेही लिहावे, अशी विनंती मी केली होती. आलेले अनुभव त्या त्या गावाच्या नावाखाली पुढे दिले आहेत.

खानापूर

आमच्या शेजारचे आजोबा जन्मभर भाताची शेती केलेले. पक्षाघातानंतर उजवी बाजू गेली आणि बोलणेही अडखळू लागले. जुलै महिना होता, खानापूरचा पाऊस संततधार, कुंडीत लावलेले प्रत्येक रोप कुजत होते. तेव्हा मला नवरात्रातल्या घटाची आठवण झाली. पसरट टोपलीत केळीचे पान अंथरून त्यावर तांबडी माती आणि चाळलेले शेणखत घातले, रात्रभर भिजवलेले गहू पेरले आणि ती टोपली त्यांच्या खिडकीबाहेर पागोळ्यांच्या आत, छपराखाली ठेवली. तिसऱ्या दिवशी मोड वर आले, आठवड्याभरात चार-पाच बोटे उंचीची हिरवळ उभी राहिली. फुलासाठी महिनाभर थांबणे ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी यापेक्षा लवकर उगवणारे काही मला तरी माहीत नाही. आजोबा बराच वेळ पाहत राहिले आणि तुटक शब्दांत म्हणाले, “दाट झालंय. पातळ पेर.” पुढची टोपली मी त्यांच्या देखरेखीखाली पेरली, किती मूठ गहू, किती पाणी, हे ते डाव्या हाताने दाखवत. दर पाच-सहा दिवसांनी नवी टोपली पेरत गेल्यामुळे एक पिवळी पडू लागे तोवर दुसरी वर येत असे. त्या दोन महिन्यांत त्यांनी मला चौदा वेळा रागावले असेल, आणि त्यांच्या सूनबाईंच्या मते त्या काळातले त्यांचे सर्वांत स्पष्ट बोलणे तेच होते.

बेळगाव, वडगाव

मी परिचारिका आहे, म्हणून काळजीच्या काही गोष्टी लिहिते. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. ज्या २३ रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. यावरून झाडे पाहून मोठा आजार बरा होतो, असा अर्थ कोणी काढू नये. पण पाहण्याजोगे काही असणे हा सुश्रूषेचाच भाग आहे, असे मी मानते.

केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अनेकदा कमी झालेल्या असतात. ओल्या मातीतली बुरशी आणि फुलदाणीतले साठलेले पाणी त्याला बाधू शकते. म्हणून कुंडी खोलीत न ठेवता काचेच्या बाहेरच ठेवावी. अशा रुग्णाला वासानेही मळमळते, तेव्हा रातराणी आणि निशिगंध खिडकीपासून दूर असावेत. कुंडीखालच्या बशीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून बशी घासावी, नाहीतर तिथेच डेंगीचे डास होतात. सदाफुलीबद्दल एक सांगणे आवश्यक आहे. या झाडापासून व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधे काढली जातात, हे ऐकून काही घरांत तिची पाने रुग्णाला चावायला देतात. हे विषारी आहे. ती फुले पाहण्यासाठीच असू द्यावीत.

निपाणी

माझी चूक लिहितो. शेजारच्या वहिनींना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला न्यावे लागत असे. एकदा त्या दवाखान्यात असताना, परत येतील तेव्हा आनंद व्हावा म्हणून, त्यांच्या खिडकीखालचे रान मी साफ केले आणि तिथे झेंडू लावला. ते रान नव्हते. त्यात अबोली होती, संकेश्वरजवळच्या माहेराहून त्यांच्या आईने दिलेली. वहिनींनी मला एका शब्दाने दुखावले नाही, फक्त “अबोली कुठे ठेवलीत?” एवढेच विचारले. त्यांच्या भावाकडून त्याच झाडाची फांदी आणून लावली, पण ती जीव धरायला पुढचा पावसाळा उजाडला. तोवर तो झेंडू रोज माझ्या डोळ्यांत सलत होता. विचारल्याशिवाय कोणाच्या परड्यातली काडीही उपटू नये.

बेळगाव, शहापूर

आमच्या भिंतीपलीकडच्या अज्जी कन्नड बोलणाऱ्या. माझे कन्नड मोडके आणि त्यांचे मराठी त्याहून थोडे बरे. हृदयाच्या विकारामुळे त्यांना आडवे पडता येत नसे, तक्क्याला टेकून बसल्या जागी रात्र काढत. त्यामुळे त्यांना आकाश नव्हे, अंगण दिसत होते. गच्चीवरची जास्वंद मी खाली आणून ठेवली. जागा बदलल्याने पहिल्या कळ्या गळाल्या, म्हणून ऊन सारखेच मिळेल अशी जागा आधी पाहावी. दहा-बारा दिवसांनी फूल आले आणि त्यामागोमाग फुलातला मध पिणारा इवलासा शिंजीर पक्षी. अज्जींनी नातवाला हाक मारून “दासवाळ, दासवाळ” असे दोनदा म्हटले. दासवाळ म्हणजे कन्नडात जास्वंद.

चिकोडी

मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो. फुप्फुसाच्या आजाराने सात महिने ऑक्सिजनवर काढले. त्या काळात शेजाऱ्यांनी समोर पाच डब्यांत शेवंती लावली होती. फुले सुंदर होतीच, पण सकाळी सातच्या सुमारास झारी घेऊन येणारे ते गृहस्थ दिसणे मला अधिक हवेसे होते, कारण रात्र संपली हे त्यांच्यावरून कळत असे. भेटायला येणारे बहुतेक जण “आवडली का फुले?” असे विचारत, आणि उत्तर द्यायलाही मला धाप लागे. झारीवाल्या त्या गृहस्थांनी सात महिन्यांत ते एकदाही विचारले नाही. पाणी घालत, वाळलेली फुले खुडत, खिडकीकडे पाहून मान हलवत आणि कामावर जात.