खोलीत तुमची झोपायची जागा कुठली होती?

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ती बातमी बघताना माझ्या मुलीने विचारलं, "आई, तुमची खोली १६० फुटांची आणि माणसं आठ. मग तू झोपायचीस कुठे?" मी सांगायला लागले ती तासभर सांगतच राहिले. तोच प्रश्न तुम्हाला विचारते. मुंबईचं गिरणगाव असो की दुसरं शहर, कामगारवस्तीत वाढलेल्या सगळ्यांनी या धाग्यावर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. डिलाईल रोडची बीडीडी, दुसरा मजला. मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा पॅसेज, संडास सामाईक. माझी जागा कॉटखाली. वर आजी. तिचा हात कॉटवरून खाली लोंबायचा, तो धरून मी झोपायची. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. रात्रपाळी करून सकाळी सातला सुटले की आमची अंथरुणं ते काढू द्यायचे नाहीत, त्यातच आडवे व्हायचे. म्हणायचे, "ऊब आहे अजून." मग दुपारपर्यंत आम्ही सगळे कुजबुजत जगायचो. हातातून भांडं पडलं तर आई ओरडायची नाही, नुसती बघायची. पुढे मी शिक्षिका झाले. वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला शिकण्यात माझी दोन-तीन वर्षं गेली.

*

लालबाग. माझी जागा पिंपाशेजारी, पण त्याआधी समोरच्या खोलीबद्दल लिहायला हवं. ती गावकीची खोली. एकाच गावची वीस-बावीस माणसं, बायकामुलं गावी. भिंतीला ओळीने ट्रंका, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्यांची थप्पी. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक जिन्यावर बसलेली. सगळे एकदम घरी असायचे ते फक्त सुट्टीच्या दिवशी, तेव्हा निम्मे फुटपाथवर झोपायचे.

त्यांतले बाराजण आमच्याकडे जेवायचे. माझी आई खानावळ चालवायची. तिला सगळे मावशी म्हणत. दुसऱ्या पाळीचे डबे गेटवर पोचवायचं काम माझं. दुसरं काम जास्त आवडीचं होतं: पत्रं लिहिणं. मी चौथीत होतो, अक्षर बरं होतं. संध्याकाळी एखादा काका पोस्टकार्ड घेऊन जिन्यावर यायचा. "लिव बाळा. पत्रास कारन की, हिकडं समदं ब्येस हाय." काय काय बेस नव्हतं ते मला माहीत असायचं. कुणाला ताप असायचा, कुणाला आठ दिवस बदलीचं (गैरहजर कामगाराच्या जागचं) काम मिळालेलं नसायचं. पण पत्रात बेसच लिहायचं. बायकोसाठी काही सांगायचं असलं की माणूस गप्प व्हायचा, पायरीवर नखाने रेघा ओढायचा आणि शेवटी म्हणायचा, "म्हशीला जप म्हनावं." मी तसंच लिहायचो. त्या वाक्यात काय होतं ते माझं लग्न झाल्यावर, नोकरीसाठी दोन वर्षं एकटा राहिलो तेव्हा मला कळलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या घरात पहिला बदल झाला तो आवाजाचा. भोंगा नाही, त्यामुळे आई पहाटे दचकून उठायची आणि घड्याळ बघायची. दुसरा बदल वहीत. तिने दोन महिने सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं. मग चपात्या मोजून, मग नुसता भात. जूनमध्ये पेरणीचं निमित्त काढून एकेक जण गावी गेला. जाताना प्रत्येकाने आईच्या पाया पडून "दिवाळीला भागवतो" म्हटलं. वळकट्यांची थप्पी उतरत गेली. त्या वर्षी मी गावकीच्या खोलीत एकटा ऐसपैस झोपलो. मला ते मुळीच आवडलं नाही.

वही माझ्याकडे आहे. काही नावांवर रेघ आहे, त्या माणसांनी पैसे दिले. काहींपुढे आईने स्वतःच्या वळणाने "तांदूळ", "काजू" असं लिहिलंय. बाकीची नावं तशीच आहेत. तिने एकालाही पत्र लिहून मागितले नाहीत, आणि लिहायला तर मी घरातच होतो.

*

नायगाव बीडीडी. आम्ही पोरं पॅसेजमध्ये. जागा नाही म्हणून कुरकुर केली की वडील सांगायचे, बाबासाहेब परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळीत १९१२ ते १९३४ राहिले, खोली नंबर पन्नास आणि एक्कावन्न. यापुढे बोलायला काही उरायचंच नाही, पुस्तक उघडावं लागायचं. ६ डिसेंबरच्या आधी दोन दिवस मात्र पॅसेजही आमचा नसायचा. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या पाहुण्यांना सतरंज्या घालून द्यायच्या आणि आपण गच्चीवर जायचं. सगळ्या खोल्यांतून भाकऱ्या गोळा व्हायच्या. पाहुणी म्हातारी सकाळी जाताना गाठोड्यातून मूठभर शेंगा काढून माझ्या हातावर ठेवायची, दर वर्षी वेगळी म्हातारी आणि दर वर्षी शेंगा.

*

सोलापूर चालेल ना? घरात तेलुगू, गल्लीत मराठी. आम्ही पद्मशाली. नाना, म्हणजे वडील, यंत्रमागावर, अम्मा विड्या वळायची.

माझी जागा सुपाशेजारी. अम्मा रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. त्या ओल्या पानांचा आणि तंबाखूचा वास म्हणजे माझ्यासाठी झोप. पहाटे जाग यायची ती कात्रीच्या आवाजाने. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार. पंचवीसचा पाढा मी शाळेत जायच्या आधी शिकले. संध्याकाळी माल द्यायला तिच्याबरोबर जायची. तपासणारा मूठभर विड्या वाईट म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत. अम्मा तिथे बोलायची नाही. घरी आल्यावर बोटांना खोबरेल लावताना तिची बोटं थरथरायची. त्या मूठभर विड्यांचा राग माझा अजून गेलेला नाही.

२००६ मध्ये कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली. त्यांतलं एक अम्माचं. चावी मिळाल्यावर तिने आधी दाराला हळदकुंकू लावलं, मग सूप आत नेलं.

*

माळ्यावर, चढताना फळीवर पाय देऊन. पंखा नव्हता, पण पत्र्यावर पडणारा पाऊस सगळ्यात आधी मला ऐकू यायचा.

*

परळ. वर सगळ्यांनी फार जिव्हाळ्याने लिहिलंय आणि ते खरंच आहे. पण आम्हा मुलींचं वेगळं लिहायला हवं. माझे भाऊ बाराव्या वर्षापासून गॅलरीत, मैदानात, व्यायामशाळेत झोपायचे. त्यांची जागा वाढत गेली. माझी कमी होत गेली. मोरीला जुन्या साडीचा पडदा, त्याआड अंघोळ, बाहेर चुलते पेपर वाचत बसलेले. रात्री संडासला जायचं तर आईला उठवायचं, म्हणून मी संध्याकाळनंतर पाणीच प्यायची नाही. ती सवय आजही आहे, आणि डॉक्टर दर वेळी विचारतात. पहाटे चारला पाणी यायचं, तेव्हा उठायचो आम्ही दोघीच, आई आणि मी. कळशा भरून झाल्या की जिन्यावर दहा मिनिटं बसायचो. सगळी चाळ झोपलेली. आई वेणी सोडून बसायची. दिवसभरात तिला मोकळे केस घेऊन बसलेली मी फक्त तिथेच पाहिली. मला विचाराल तर माझी जागा तीच पायरी.

*

मी धागा काढला तीच. परळच्या ताईंचं वाचून अडखळले. कॉटखाली मी, वर आजी, दारापाशी दोन काका, मोरीकडे भाऊ, बाबा पाळीप्रमाणे. सगळ्यांच्या जागा मला डोळे मिटून सांगता येतात. आई कुठे झोपायची ते आठवत नाही. ती ८१ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं. उद्या रविवार, जाऊन विचारते.