प्रतिसाद: नॅनोचांदी नष्ट होत नाही, गाळात जाते

मूळ लेखात म्हटलंय की मोज्यांतली नॅनोचांदी (वास येऊ नये म्हणून घातलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण) सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात नष्ट होते. नष्ट नाही होत, जागा बदलते. कोल्हापुरात जयंती नाल्याजवळ कुजक्या अंड्यांसारखा जो वास येतो ना, तोच हायड्रोजन सल्फाइड वायू सांडपाण्यात चांदीला धरतो. तिचं सिल्व्हर सल्फाइड बनतं. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे विषारीपणा बराच उतरतो आणि बहुतेक सगळी चांदी केंद्रात तळाशी साचणाऱ्या गाळात बसते. सनस्क्रीनमधलं टायटॅनियम डायऑक्साइडही मुख्यतः तिथंच. हा गाळ खत म्हणून उसाला घातला, तर दरवर्षी मातीत भर पडत जाणार. म्हणून माझं ठाम मत: शेतात देण्याआधी गाळातली चांदी, टायटॅनियम, जस्त मोजलंच पाहिजे. आणि पावसाळ्यात नाला ओसंडून थेट पंचगंगा नदीत मिसळतो, तेव्हा तर ते पाणी केंद्रात जातच नाही, चांदी गाळात वेगळीही होत नाही.