नागपूरच्या उन्हात गाडीत जंप स्टार्टर ठेवायचा का? आणि ठेवायचा तर कोणता?

मनीषनगरवासी
मागच्या रविवारी आईबाबांना घेऊन रामटेकला गेलो होतो. गडमंदिराजवळ गाडी तीन तास उन्हात उभी होती. परत येऊन चावी फिरवली तर नुसती कटकट, सेल्फ फिरेना. मी निश्चिंत होतो, कारण डिकीत मार्चपासून लिथियमचा जंप स्टार्टर, म्हणजे उतरलेल्या बॅटरीला जोर देऊन गाडी सुरू करणारा छोटा डबा, पडलेला होता. बाहेर काढला तर त्याचं पोट फुगलेलं, कडेची शिवण उकललेली, आणि चिमट्यांची पिन जिथे खोचायची ती खाच वाकडी. बोटाने दाबलं तर मऊ लागलं. तो बॅटरीला लावायची हिंमत झाली नाही. शेवटी एका अनोळखी दादांनी त्यांच्या गाडीच्या बॅटरीवरून केबल लावून गाडी सुरू करून दिली. तोवर आई त्या झळांमध्ये झाडाखाली बसून होती, ते मनातून जात नाही.

घरी येऊन पुस्तिका वाचली. ठेवण्याची मर्यादा ६० डिग्री, तीही थोड्या वेळापुरती. आपल्याकडे मे अखेरच्या नवतप्यात बाहेरच ४५-४६ असतं, मग काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काय होत असेल?

म्हणून माझं स्पष्ट मत: नागपुरात लिथियमचा जंप स्टार्टर गाडीत ठेवू नये. घ्यायचा तर कपॅसिटरवाला घ्यावा. त्याच्या पोटात लिथियम नसतं, करंट साठवूनही ठेवावा लागत नाही. उतरलेल्या बॅटरीत जो थोडा जीव उरलेला असतो तो काही मिनिटांत ओढून घेतो आणि एका झटक्यात स्टार्टरला देतो. उन्हाचं त्याला लिथियमइतकं भय नाही. तुमचं काय मत?

धरमपेठचा काका
मी ३५ वर्षं गाडी चालवतो आहे. माझं मत वेगळं आहे. दोन्ही घेऊ नका.

बॅटरी अचानक मरत नाही, ती आधी सांगते. आपण समजतो थंडीत बॅटरी जाते. खरं तर आपल्याकडे तिला मे महिना मारतो. उष्णतेने पाणी उडतं, आतल्या जाळ्या झिजतात. ती तशीच ओढत राहते आणि डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की सकाळी हात वर करते. तेव्हा लोक थंडीला दोष देतात. रात्रभर उभ्या गाडीचं टर्मिनल सकाळी मीटरने मोजा. १२.६ व्होल्ट दिसले तर तब्येत ठणठणीत. १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. पुन्हा पुन्हा तेवढंच दिसलं तर कपॅसिटर नको, नवी बॅटरी घ्या. चांगल्या जंप स्टार्टरच्या किमतीत छोट्या गाडीची बॅटरी जवळपास येते.

आणि डिकीत जाड तांब्याची केबल ठेवा. ती फुगत नाही, तिला चार्जिंग लागत नाही. तुम्हाला रामटेकला शेवटी केबलनेच तारलं ना?

रात्रपाळी
काका, मोठ्या माणसाला उलट बोलते, माफ करा. पण केबलला दुसरी गाडी लागते, आणि दुसऱ्या गाडीत दुसरा माणूस असतो.

मी नर्स आहे. पाळी रात्री दोनला संपते. मागच्या पावसाळ्यात दवाखान्याच्या मागच्या पार्किंगमध्ये माझी गाडी बंद पडली. आतला दिवा चालू राहिला होता. दोन माणसं स्वतःहून जवळ आली, "मॅडम, मदत करू का?" चांगलीही असतील. पण त्या अंधारात बॉनेट उघडून, पाठ वळवून त्यांच्या भरवशावर उभं राहणं मला जमलं नाही. काचा वर करून, दारं लॉक करून पाऊण तास भावाची वाट पाहिली.

त्यानंतर लिथियमचा घेतला. तो गाडीत राहतच नाही. डब्यासारखा पर्समध्ये येतो आणि पर्ससोबत वर वॉर्डात जातो. महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, चार्ज करते. मनीषनगरवासी, चूक लिथियमची नव्हती, तो डिकीत विसरण्याची होती. आणि त्या रात्री मीटर लावला तेव्हा माझी बॅटरी ४ व्होल्टवर होती. तुमच्या कपॅसिटरने त्यातून काय ओढलं असतं?

मनीषनगरवासी
ताई, हा मुद्दा मला मान्य आहे. पूर्ण मेलेल्या बॅटरीतून तो काही घेऊ शकत नाही. पण मी घेतलेला कपॅसिटरवाला यूएसबीवरूनही भरतो. वेळ जास्त लागतो, तरी साध्या पॉवर बँकेवर काम होतं.

रात्रपाळी
म्हणजे पॉवर बँक बाळगावीच लागणार. तीही लिथियमचीच. मग मी एकच वस्तू का बाळगू नये?

बुटीबोरीचा बॅटरीवाला
भाऊ, ताई, मी रोज हेच काम करतो. लोक खोक्यावरचा आकडा पाहून घेऊन राहिले. २००० पीक अँपिअर! पीक म्हणजे डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ. स्टार्टर तीन-चार सेकंद फिरतो, थेवढा वेळ किती देते ते पाहजा. छोट्या पेट्रोल गाडीला शंभर-दीडशे अँपिअरमध्ये काम होऊन जाते. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, तिला लय जोर लागते. दीड लिटरच्या डिझेलले पेट्रोलवाला डबा लावाल तर डबा गरम होईल अन् गाडी हलणार नाही.

दुसरी गोष्ट, चिमटे हातात घेऊन पाहा. वायर बोटाएवढी जाड पाहिजे अन् चिमट्याच्या दोन्ही जबड्यांत तांबं पाहिजे. स्वस्तात एकाच जबड्याले वायर जोडलेली असते, दुसरा नुसता पत्रा.

तिसरी गोष्ट लय महत्त्वाची. चिमट्यांवर बूस्टचं बटण असते. बॅटरी एकदम मेलेली असली की डबा तिले ओळखत नाही, मंग थे बटण दाबा लागते. पण थे दाबलं की उलटं लावल्यावर वाचवणारं संरक्षण बंद होते. ताई, तुमच्या ४ व्होल्टवाल्या केसमध्ये हेच करा लागू शकते. तेव्हा लाल-काळं दोनदा पाहून घेजा. माझ्याकडं एक गाडी आली होती, अंधारात उलटं लावलेलं, मोठा फ्यूज जळाला होता.

अन् काका, केबलचं तुमचं बरोबर आहे, पण शेवटचा काळा चिमटा मेलेल्या बॅटरीवर लावू नका. इंजिनच्या उघड्या लोखंडावर लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघते, ठिणगी तिथं नको.

समृद्धीवरून
महिन्यातून दोनदा शिर्डीपर्यंत जातो. काका, समृद्धी महामार्गावर केबलवाला दादा भेटत नाही. दुचाकीला बंदी, कडेला कुंपण, आणि थांबणाऱ्या गाडीलाच मागून धोका. तिथे स्वतःजवळ काहीतरी हवंच.

धरमपेठचा काका
ताईंचं वाचून मी गप्प झालो. माझी सून बुटीबोरीहून रात्री एकटी येते, हे मला लिहिताना सुचलं नाही. तिच्यासाठी घेईन.

पण एका गोष्टीवर अडून राहीन. १२००० एमएएचचा जंप स्टार्टर म्हणजे सुमारे ४४ वॅट-तास. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४२० असतात. तो बॅटरी चार्ज करत नाही, एक ढकल देतो. त्यानंतर गाडी घरासमोर बंद केली की पुन्हा तेच. दुसऱ्याच दिवशी बॅटरी तपासून घ्या. ज्यांनी हे केलं नाही त्यांना महिन्याभरात तिथेच अडकलेलं मी पाहिलं आहे.

मनीषनगरवासी
काका, तुमच्या सांगण्यावरून आज सकाळी मोजलं. १२.१. बॅटरी चार वर्षांची आहे, बदलतो आहे. कपॅसिटरवाला मात्र गाडीतच ठेवणार. मला वस्तू विसरायची सवय आहे आणि ती वयाच्या चाळिशीत सुटणार नाही. ताईंसारखी शिस्त असेल त्याने लिथियम जरूर घ्यावा.

बॅटरीवाले भाऊ, तो फुगलेला डबा सध्या गच्चीवर सावलीत, लोखंडी घमेल्यात वाळूवर ठेवला आहे. घंटागाडीत टाकायची भीती वाटते. काय करू?

बुटीबोरीचा बॅटरीवाला
घंटागाडीत बिलकुल नको, दाबला गेला की पेट घेईल. भोक पाडू नका, चार्ज लावू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या, अन् देताना सांगजा की फुगलेला आहे. उन्हं उतरल्यावर न्या, दुपारी बंद गाडीतून नाही.